फर्टिलायझेशन म्हणजे खत घालणं की फळ धरणं?

जास्वंदी:
मंडळी, एक अडलंय. लेक दहावीला आहे, सेमी इंग्लिश. विज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी त्याने एक इंग्रजी परिच्छेद मोबाईलमध्ये टाकून मराठी करून घेतला आणि तक्त्यावर छान अक्षरात उतरवून काढला. त्यात वाक्य होतं, "खत दिलेले अंडे गर्भाशयाच्या भिंतीवर रुजते." मी वाचलं आणि त्याला म्हटलं अरे हे चुकलंय, इथे फलन पाहिजे, फलित अंडं. तर तो म्हणतो आई, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे ना, आणि खत घातलं की झाडाला फळं येतात म्हणजे एकच झालं की. मी म्हटलं नाही, एकच नाही. पण का नाही हे मला नीट सांगता आलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय. शेतीतली, जीवशास्त्रातली, भाषेतली कोणी माणसं असतील तर सांगा. त्याला पटेल असं पाहिजे, व्याख्या त्याला पाठ आहेत.

परडी:
भाषेपुरतं मी सांगते. तो शब्द लॅटिनमधून आला, मुळात 'वाहणे, धारण करणे' असं क्रियापद आहे तिथे, त्यावरून 'जे धारण करू शकतं ते' म्हणजे सुपीक, आणि सुपीक करणं म्हणजे फर्टिलाइझ करणं. मग जमीन सुपीक केली तरी तेच आणि बीजाला फळवलं तरी तेच. इंग्रजीने दोन्ही कामं एका शब्दाच्या गळ्यात घातली.
आपल्याकडे बघ, खत वेगळं राहिलं. पण त्या 'धारण करणे'चं काम आपलं 'धरणे' करतं. झाडाने फळ धरलं. गाय गाभ धरत नाही. डाळिंबवाले म्हणतात यंदा मृग बहार धरलाय. फलधारणा, गर्भधारणा, सगळीकडे तेच. म्हणजे मराठीत घालायचं ते खत आणि धरायचं ते फळ. घालणारा माणूस, धरणारं झाड. तुझ्या लेकाला हे सांगून बघ.

जास्वंदी:
घालणारा माणूस, धरणारं झाड!! हे आवडलं त्याला. पण म्हणतो मग खत घातल्यावर धरतंच ना.

काळंरान:
नाही धरत ताई. मी सांगतो कसं नाही धरत ते, मागच्या उन्हाळी हंगामातलं माझं स्वतःचं आहे.
इंदापूर साईडला दोन एकर कलिंगड होतं. मल्चिंग, ड्रिप, वरून क्रॉप कव्हर, सगळं व्यवस्थित. कव्हर म्हणजे तो पांढरा कापडासारखा असतो तो, नवीन लागणीला नागअळी, फुलकिडे, व्हायरस यापासून वाचवायला टाकतात. वेल एक नंबर होते, हिरवेगार. माझी चूक अशी झाली की घरात लग्न होतं आणि कव्हर काढायला आठ दिवस उशीर झाला, आत मादी फुलं उमलायला लागली होती. मादी फूल ओळखायला सोपं आहे, पाकळीच्या मागे बारीक गोळी असते हरभऱ्याएवढी, तेच पुढं कलिंगड होतं. कव्हर काढून बघतो तर गोळ्या पिवळ्या पडून गळालेल्या. मी दुकानात गेलो, म्हटलं सेटिंग होत नाही, म्हणजे फळ बसत नाही. त्यांनी एक बाटली दिली, वर इंग्रजीत लिहिलेलं फर्टिलायझेशन सुधारतं म्हणून. मी आपलं फर्टिलायझर वाचलं. म्हटलं म्हणजे खतच कमी पडतंय, आणि ती बाटली तर दिलीच पण ड्रिपमधून युरिया पण वाढवला. वेल आणखी माजले. शेंडा पळायला लागला आणि फळ काही बसेना.
माझी पुतणी बी एस्सी ॲग्रीला आहे, ती सुट्टीला आली आणि सकाळी रानात उभी राहिली अर्धा तास. म्हणाली काका, माशी कुठंय? एक मधमाशी नव्हती. कव्हर होतं तोवर आत येऊच शकत नव्हती आणि कव्हर काढल्यावर मी सकाळी सकाळी फवारणी घेत होतो, म्हणजे फूल उघडं असतं नेमक्या त्याच वेळी. कलिंगडाचं फूल एकच दिवस उमलतं, सकाळी उघडलं की दुपारनंतर मिटतं, मग संपलं. त्या चार सहा तासात नर फुलाचा पराग मादीवर गेला तर गेला. आणि एकदा माशी बसून भागत नाही, आठ-दहा वेळा तरी बसावी लागते नाहीतर फळ वाकडं होतं, देठाकडं बारीक, दुधी भोपळ्यासारखं.
मग फवारणी संध्याकाळवर नेली, युरिया बंद केला, दोन पेट्या मधमाशांच्या भाड्याने आणल्या. फळ बसलं पण पहिलं सेटिंग गेलं ते गेलंच. पुढचं उशिरा बसलं, साईज लहानमोठी, रमजानचा बाजार हातचा गेला. जे नुकसान झालं ते एका शब्दामुळं झालं असं मी म्हणणार नाही, लग्नाची गडबड माझीच. पण तो शब्द मला त्या वेळी कोणी फोड करून सांगितला असता तर युरियाच्या गोणीला हात लावला नसता.

जास्वंदी:
दादा, हे वाचून लेक गप्प झालाय आणि परत परत वाचतोय. खूप आभार इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल.

निवृत्त_पुंकेसर:
मी ३१ वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं. काळंरान यांनी लिहिलंय त्यात जे तीन टप्पे आहेत ते मुलं कायम एकत्र करतात, म्हणून वेगळे करून सांगतो.
पराग मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या टोकावर, पोचणं हे परागीभवन. हे माशीचं काम, किंवा वाऱ्याचं, किंवा तुमच्या हाताचं. इथपर्यंत फलन झालेलंच नसतं. पुढे पराग कुक्षीवर रुजतो, अगदी बी रुजावी तसा, आणि त्यातून एक नळी निघते जी कुक्षीवृंतातून खाली खाली वाढत बीजांडापर्यंत जाते. मक्याचं कणीस घ्या, त्याच्या टोकातून निघणारा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची वाट असते, वीतभर लांब, आणि परागनळी साधारण एका दिवसात ती सगळी वाट चालून जाते. कणसाच्या टोकाला दाणे नसतात तेव्हा बऱ्याचदा त्या केसांना पराग मिळालेला नसतो किंवा उन्हाने तो मेलेला असतो. तर ती नळी पोचली, नरयुग्मक, म्हणजे परागातली नरपेशी, आणि अंडपेशी एक झाले, ते फलन. आणि त्यानंतर अंडाशय वाढायला लागतो, फूल गळत नाही, ते फळ धरणं. शेतकरी 'सेटिंग' म्हणतात ते हे तिसरं.
आता सपुष्प वनस्पतीत आणखी एक गंमत आहे. नळीतून दोन नरयुग्मकं येतात. एक अंडपेशीशी मिळतं, त्याचा भ्रूण होतो. दुसरं मधल्या दोन केंद्रकांशी मिळतं आणि त्याचा भ्रूणपोष होतो, म्हणजे भ्रूणाची शिदोरी. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं.
वर्गात मी हे वरणभातावर शिकवायचो. भात म्हणजे काय, तांदळाचा भ्रूणपोष, कांडताना कोंडा आणि भ्रूण निघून गेला आणि शिदोरी तेवढी उरली. वरण म्हणजे काय, तुरीच्या भ्रूणाच्या दोन बीजपत्रांपैकी एकेक, म्हणूनच डाळ पडते, दोन फाका होतात. म्हणजे भात हा दुसऱ्या मिलनाचा आणि वरण हे पहिल्या मिलनाचं. जास्वंदी, तुमच्या लेकाला आज रात्री ताटात दाखवा, आयुष्यात विसरणार नाही.

परडी:
सर, वरणभात!!! अंगावर काटा आला. एवढी वर्षं जेवतेय मी.

माडावरून:
मग शहाळ्यातलं पाणी पण तेच का सर? आमच्याकडे सिंधुदुर्गात मुलांना सांगायला बरं.

निवृत्त_पुंकेसर:
हो, तेच. शहाळ्याचं पाणी म्हणजे पातळ भ्रूणपोष, त्यात केंद्रकं तरंगत असतात, पेशींच्या भिंती अजून झालेल्या नसतात. नंतर करवंटीच्या बाजूने भिंती पडत जातात ती मलई, मग खोबरं. आणि खरा भ्रूण एका डोळ्याखाली बारीकसा बसलेला असतो.

द्राक्षमळा:
एक शंका सर. आमच्याकडे तासगावला थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका सगळं बिनबियांचं. इथं फलन होतंच नाही ना? जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, डिप दिल्या, घड त्यात बुडवले की मणी फुगतो. म्हणजे तुमचं फलनाशिवाय फळ नाही हे द्राक्षाला लागू नाही. आमच्यात तर खत आणि जीए यावरच माल निघतो.

निवृत्त_पुंकेसर:
नाही हो, इथे जरा थांबा. केळं म्हणता तर बरोबर, केळ्यात फलन होतच नाही, तरी फळ होतं. पॉलीहाऊसमधली काकडी पण तशीच, म्हणून तिला जाळीच्या आत माशीशिवाय चालतं. पण थॉमसनमध्ये फलन होतं. परागनळी जाते, मिलन होतं, आणि नंतर भ्रूण वाढता वाढता मध्येच थांबतो. द्राक्ष चावताना कधीतरी मऊ बारीक काहीतरी लागतं ना, ते अर्धवट राहिलेलं बी. मण्याला वाढवणारं संप्रेरक एरवी वाढत्या बीमधून येतं, ते बी अर्ध्यात थांबलं म्हणून ती उणीव तुम्ही जिबरेलिकच्या डिपने भरून काढता. तुमचं डिप म्हणजे खत नाही आणि फलन पण नाही, न झालेल्या बीचं काम आहे ते.

द्राक्षमळा:
हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. डिप का देतो हे आज कळलं. चूक मान्य.

गोठ्यातून:
शब्दांचं चाललंय तर आमचा शब्द राहिला. आम्ही गाय 'फळवतो'. फळली का, फळवायची आहे, असंच बोलतात गावात. म्हणजे फळ हा शब्द झाडापुरता नाहीच. आणि राहिली नाही तर उलटली म्हणतात, एकवीस दिवसांनी परत माजावर आली की उलटली.
आणि खत आणि फळणं यांची गल्लत गोठ्यात पण होते बरं का. गाय उलटतेय म्हटलं की पेंड वाढव, मिनरल मिक्श्चर घाल, टॉनिक दे. त्याची गरज असते, हडकुळी गाय माजावरच येत नाही हे खरंय. पण धडधाकट गाय उलटत असेल तर आधी वेळ बघायची. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्या आजोबांच्या काळात वळू असायचा, त्याला बरोबर कळायचं. आता रेतकांडी आहे, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, ती उणे १९६ अंशाच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते, ती काढून गरम पाण्यात धरून लगेच भरायची असते, आणि माज ओळखायचं काम आपल्या डोळ्यावर आलं. आमच्या भागात हे कृत्रिम रेतनाचं काम उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली तिथून घराघरात आलं असं वडील सांगतात.

जास्वंदी:
दादा, म्हणजे नायट्रोजन तोच, युरियातला पण आणि त्या डब्यातला पण?

गोठ्यातून:
मूलद्रव्य तेच ताई. युरियात तो ४६ टक्के असतो, बांधलेला, झाड तो खातं. डब्यातला नुसता थंडीसाठी, बीजाला तो काहीच देत नाही, फक्त झोपवून ठेवतो.

आऱ्या:
मी बऱ्याच दिवसांनी लिहितेय, पण फळ धरण्याचा विषय निघाल्यावर राहवेना. सगळेजण खत वेगळं फलन वेगळं म्हणताय ते बरोबर आहे पण दोघांची गाठ पडते अशी पण जागा असते, भुईमुगात. माझं माहेर कोल्हापूरकडचं, आजी सांगायची भुईमूग वर लग्न करतो आणि खाली बाळंत होतो. पिवळं फूल वर उमलतं, फलन तिथंच होतं, आणि मग त्या फुलाच्या बुडातून एक दांडी निघून जमिनीत घुसते, ती आरी, माझा आयडी तिच्यावरूनच. शेंग खाली मातीत पोसते. आणि पोसताना लागणारं कॅल्शियम ती शेंग मुळांकडून घेत नाही, स्वतःच्या सालीतून थेट मातीतलं घेते. म्हणून आऱ्या सुटायच्या वेळी झाडाच्या बुडाशी जिप्सम टाकून मातीची भर द्यायची. ते नाही टाकलं तर वरून पीक ढीगभर आणि शेंग फोडली की आत पोकळ. आजीने कॅल्शियम हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण त्या वेळी रान घट्ट राहू द्यायची नाही, आरीला वाट मिळाली पाहिजे म्हणायची. खुरपताना आमचा पाय आरीवर पडला तर ओरडायची.

काळंरान:
हे लाख मोलाचं. आणि बोरॉनचं पण तसंच ना सर?

निवृत्त_पुंकेसर:
बोरॉन हे तर या धाग्याचं नेमकं उत्तर म्हणता येईल. ती परागनळी वाढायला बोरॉन लागतं. जमिनीत कमी पडलं तर नळी मध्येच फुटते किंवा वाढत नाही, परागीभवन होऊनही फलन होत नाही. सूर्यफुलाच्या तबकात मधले दाणे पोचट राहतात त्याला एक कारण हे, दुसरं कारण माशी नसणं. म्हणजे काळंरान, तुमच्या त्या बाटलीत बोरॉन असेल तर बाटली खोटी बोलत नव्हती. पण पराग फुलावर गेलाच नाही तर नळी कुठून निघणार. आणि बोरॉन हातचं राखून वापरा, पुरेसं आणि जास्त यातलं अंतर फार थोडं असतं, जास्त झालं की पानांच्या कडा जळतात.

काळंरान:
बाटली काढून बघितली आत्ता. बारीक अक्षरात बोरॉन लिहिलंय सर. म्हणजे खत पण बरोबर, लिहिलेलं पण बरोबर, आणि माझ्या रानात त्या दिवशी दोन्हीचा उपयोग नव्हता.

पेट्रीडिश:
मी भ्रूणशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, वंध्यत्वावर उपचार होतात तिथे. आमच्याकडे हा शब्द रोज तोंडात असतो. समोर जोडपं बसलेलं असतं, गावाकडचं, आणि डॉक्टर म्हणतात "आठपैकी सहा फर्टिलाइझ झाली". ते एकमेकांकडे बघतात. मी मराठीत सांगते, आठ स्त्रीबीजं मिळाली, त्यातल्या सहात शुक्राणूशी मिलन झालं, फलन झालं. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सोळा ते अठरा तासांनी सूक्ष्मदर्शकात बघतो तेव्हा बीजात दोन गोल दिसतात शेजारी शेजारी, एक आईकडचा एक बापाकडचा. ते दिसले की फलन झालं. मी ते दृश्य हजारो वेळा बघितलंय आणि अजूनही दरवेळी क्षणभर थांबते.
पण मला सांगायचंय ते वेगळंच. फलन झालं म्हणजे गर्भ राहिला असं नाही, हे समजावणं सगळ्यात अवघड जातं. सरांनी फुलाचे तीन टप्पे सांगितले तसंच इथे, फलन आणि धारणा या दोन गोष्टी. फलन आमच्या ताटलीत होतं, धारणा आईच्या पोटात, आणि ती झाली नाही तर बाई स्वतःला दोष देते. सासरचे म्हणतात खायला घाला, तूप घाला, डिंकाचे लाडू घाला. तेच ते, खत घाला. त्या बाईने काही कमी खाल्लेलं नसतं. आणि बऱ्याचदा तर प्रश्न एकट्या तिचा नसतोच, नवऱ्याची तपासणीच झालेली नसते. जमिनीची आणि बाईची जी तुलना आपल्या बोलण्यात बसलीय, नापीक, वांझ, ती मला फार लागते. बीज दोघांचं असतं. ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये समुद्री साळिंद्राच्या (सी अर्चिन) पारदर्शक अंड्यात दोन केंद्रकं एक होताना पाहिली, तेव्हापासून हे उघड आहे, तरी अजून सांगावं लागतं.

परडी:
पेट्रीडिश, यावर काय लिहू कळत नाहीये. वांझ हा शब्द मी यापुढे झाडाला पण वापरणार नाही.

निवृत्त_पुंकेसर:
ताई, फार नेमकं लिहिलंत. एक जोडतो, तुमच्या आणि माझ्या विषयातला दुवा म्हणून. टेस्ट ट्यूब बेबी जगात १९७८ ला आली, कोलकात्यात त्याच वर्षी डॉ. सुभाष मुखोपाध्याय, आणि मुंबईत केईएममध्ये १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा. पण झाडाचं फलन काचेच्या नळीत त्याच्या कितीतरी आधी दिल्लीत झालं होतं. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरींच्या वनस्पतीशास्त्र विभागात अफूची, म्हणजे आपल्या खसखशीची, बीजांडं नळीत काढून त्यावर पराग टाकून फलन घडवलं आणि बी तयार केलं, १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मी विद्यार्थी असताना हे वाचलं आणि तेव्हाच ठरवलं की हाच विषय घ्यायचा.

माडावरून:
आंब्याचं राहिलं. आमच्या हापूसला मोहर येतो भरघोस पण त्यात नर फुलंच जास्त, आणि हापूसचा पराग हापूसला फारसा मानवत नाही, म्हणून जुने लोक बागेत चार रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेले आंबे, राखायचे, पायरी, मानकुर असायचे. नवीन बागा सगळ्या नुसत्या हापूसच्या लावल्या, रायवळ तोडले. आता मोहर बघून लोक खूश आणि महिन्याने काठीला दोन कैऱ्या. मग पुढल्या पावसाळ्यात जास्त खत. माझ्या काकांनी दोन वर्षांपूर्वी बांधावर रायवळ आणि केसर परत लावलेत. ते मोठे होऊन मोहरायला वेळ आहे, धरलं तर लिहीन इथे.

जास्वंदी:
लेकाने तक्ता परत केला. 'खत दिलेले अंडे' खोडून 'फलित अंडे' लिहिलं, आणि खाली स्वतःहून एक चित्र काढलं, ताटात वरणभात, भाताला बाण भ्रूणपोष आणि वरणाला बाण भ्रूण. बाजूला कलिंगडाचं मादी फूल मागच्या गोळीसकट. मला म्हणाला काळंरान काकांना विचार यंदा कव्हर कधी काढणार.

काळंरान:
त्याला सांगा आजच काढलं. लागण करून तेविसावा दिवस, पहिली मादी फुलं काल दिसली. सकाळी सात वाजता उभा होतो, सातेरी मधमाशी आली होती, मोजल्या मी, एका फुलावर अकरा वेळा.